चादरीचे दुसरे टोक

लिहून ठेवणार: स्टेशनामागच्या गल्लीतल्या कोपऱ्यावरच्या घराची मालकीण, तीन भावंडांतली थोरली, जिला घरीदारी सगळे ताई म्हणतात ती मी. हे मृत्युपत्र आपखुशीने लिहून ठेवते, ते येणेप्रमाणे.

माझी शुद्ध शाबूत आहे. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही, आणायची कोणाची छातीही झालेली नाही. मी भानावर आहे की नाही हे बघायला डॉक्टर आले होते. त्यांनी विचारले, "आज वार कोणता?" मी म्हटले, "शनिवार. चादरी बदलायचा दिवस. आणि डॉक्टर, तुमच्या कोटाचं दुसरं बटण तिसऱ्या काजात गेलंय." त्यांनी लगेच दाखला लिहून दिला. पोटातले दुखणे औषधापलीकडे गेले आहे हेही त्यांनीच मला सांगितले. सांगताना ते खिडकीबाहेर बघत होते, म्हणून खरे असणार.

वकीलसाहेबांनी आधी स्वतःच एक मजकूर तयार करून आणला होता. तो मी वाचला आणि परत दिला, कारण त्यात माझ्या बहिणीचा उल्लेख 'सदर अवलंबित व्यक्ती' असा होता. तिला आम्ही धाकटी म्हणतो. मग मीच लिहायला बसले. मधूनमधून वकीलसाहेब हरकत घेतात, तीही लिहिली आहे. म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की बाईला कोणी समजावले नाही.

मला माझ्या मरणाचे फारसे काही वाटत नाही. वाटते ते धाकटीचे. तिचे शरीर ठणठणीत आहे आणि आठवण गेली आहे. मी तिच्या आधी जाणार हे आता ठरल्यासारखे आहे. माझ्यामागे तिला या घरातून कोणी हलवू नये आणि तिच्या हातचे काम काढून घेऊ नये, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

कलम पहिले. घर.

हे राहते घर, म्हणजे पुढच्या चार खोल्या, आम्हा दोघींची मागची खोली, स्वयंपाकघर, अंगण आणि अंगणातल्या कपडे वाळत घालायच्या तारा, सर्व माझ्या एकटीच्या नावावर आहे. आईने जाण्यापूर्वी तसे केले. भाऊ तेव्हा परगावी नोकरीला होता, आणि धाकटीच्या नावावर काही केले तर ती ते पहिल्या रडक्या माणसाला देऊन टाकील अशी आईची खात्री होती. हे घर मी माझ्या भाचीला, म्हणजे भावाच्या मुलीला, देत आहे. भावाला देत नाही. कारण पुढे तिसऱ्या कलमात येईल. ते त्याने उभ्या उभ्या वाचू नये, बसून वाचावे.

भाचीला घर मिळेल ते एका अटीवर. धाकटी आहे तोवर ती याच घरात राहील, आणि या घरातले पलंग तीच आवरील.

वकीलसाहेब म्हणाले, "बाई, पहिला भाग ठीक आहे. दुसरा कायद्यात बसत नाही."

मी म्हटले, "कोपरा पहिल्या खेपेला बसला नाही म्हणून आपण चादर टाकून देतो का? परत ओढा आणि बसवा."

कलम दुसरे. पलंग, गाद्या, चादरी, अभ्रे, पांघरुणे.

हेही सर्व भाचीला. पण त्यांचे करायचे कसे, ते लिहून ठेवणे भाग आहे. भाची मोटार चालवायला शिकवते, रस्त्यावर तिचा हात पक्का आहे, पण तिची स्वतःची खोली बघितली की वाटते चोर येऊन गेले.

आई-वडिलांच्या मागे आम्ही दोघींनी पुढच्या चार खोल्या उतारूंना द्यायला सुरुवात केली. स्टेशन जवळ, त्यामुळे माणसांना तोटा नव्हता. परीक्षेला आलेले, औषधे विकत फिरणारे, कोर्टात तारीख असलेले, गाडी चुकलेले. परक्या माणसाला परक्या पलंगावर झोप लागायला हवी, तर त्या पलंगावर आधी कोणी झोपलेच नव्हते असे वाटले पाहिजे. यावरच आमचे घर चालले.

तर पद्धत अशी. सकाळी गादी आधी उघडी ठेवावी, तिला वारा लागू द्यावा. तिच्यावर लगेच चादर ओढली की कोंदट वास धरते. चादरीचा रुंद काठ उशाशी, अरुंद काठ पायथ्याशी. हे उलटे झाले तर आज पायाला लागलेली बाजू उद्या तोंडाला लागते. चादर एका झटक्यात वर उडवावी, फुगून आपली आपण खाली बसू द्यावी, मगच ओढावी. कोपरे आधी पायथ्याचे, मग उशाचे. अभ्र्याचे तोंड दाराकडे नको, आत शिरणाऱ्याला उशीचे आतडे दिसू नये. शेवटी तळहात मधून कडेकडे फिरवावा, कारण डोळ्याला न दिसणारी सुरकुती हाताला कळते.

गल्लीत मला यावरून नावे ठेवत. ठेवू देत. एक फिरता विक्रेता एकदा बुटांसकट झोपला होता. त्याला मी अजून माफ केलेले नाही आणि मेल्यावरही करण्याचा विचार नाही.

धाकटी नेमकी माझ्या उलट. तिच्या हातची चादर म्हणजे कशीतरी अंगावर टाकलेली. काठ उलटे, कोपरे लोंबते, आणि वरून पांघरूण अंथरून सगळा गुन्हा झाकलेला. मी पांघरूण उचलले की म्हणायची, "वरून दिसतंय का? नाही ना? मग झालं तर!" मी तिला परत करायला लावायची, ती गाणे म्हणत परत तसेच करायची. उतारूंना तीच आवडायची. त्यांची बटणे ती लावून द्यायची, त्यांच्या बायकांची भांडणे ती ऐकून घ्यायची. मी पलंग नीट ठेवला आणि तिने माणसे नीट ठेवली, असे आता म्हणता येईल. तेव्हा मी म्हणत नव्हते.

एका कामात मात्र आमचे पटायचे, कारण पटवून घ्यावेच लागे. मोठ्या चादरीची घडी एकटीला घालता येत नाही. काही बायका हनुवटीखाली धरून घालतात, पण ती घडी नव्हे, बोळा. दोन टोकांना दोघींनी उभे राहायचे, काठाला काठ जुळवायचा, ताण द्यायचा, आणि चालत एकमेकींकडे यायचे. समोरासमोर आलो की तिने तिचे काठ माझ्या हातात द्यायचे आणि वाकून खालची मोड उचलायची. लहानपणी आईने आम्हाला हे अंगणात शिकवले. त्या दिवसापासून धाकटीला एक खोड लागली. ताण देताना ती अचानक हिसका द्यायची. मी पुढे धडपडायची आणि ती हसत ओरडायची, "ताई, पडशील!" पुढे आम्ही केस पांढरे झालेल्या बायका झालो, तरी हिसका चालूच. मी दर वेळी चिडायची, आणि दर वेळी बेसावध असायची.

आता धाकटीचे दुखणे कसे आले ते. काही वर्षांपूर्वी एके सकाळी मी पुढच्या खोलीत गेले तर पलंग कोरा करकरीत. काठ बरोबर, कोपरे बरोबर, अभ्र्याचे तोंड भिंतीकडे. धाकटीने केला होता. दुसऱ्या दिवशीही तसाच. मला आनंद झाला. म्हटले, उशिरा का होईना, माझी शिकवण हिच्या डोक्यात शिरली. आठवडाभर मी सगळ्या गल्लीला कौतुक सांगत होते. मग एका दुपारी परीक्षा घ्यायला आलेले एक मास्तर खोलीत जरा आडवे झाले होते. धाकटीने त्यांच्यासकट पलंग आवरला. चारी कोपरे खोचून, गळ्यापर्यंत. मी धावत गेले तेव्हा मास्तर आतून म्हणत होते, "बाई, मी आत आहे हो," आणि धाकटी त्यांना सांगत होती, "असू दे, हलू नका, सुरकुती पडेल."

मी हसले. मास्तरही हसले. मग मी धाकटीच्या तोंडाकडे बघितले, तर ती हसत नव्हती. तिच्या डोक्यातून बाकीचे सगळे निघून गेले होते, आणि रिकाम्या जागेत मी रोज ओरडून सांगितलेले तेवढे उरले होते. गल्लीला सांगितलेले ते कौतुक मी नंतर कोणाकडे काढलेले नाही. त्या मास्तरांनंतर आम्ही उतारू घेतले नाहीत.

कलम तिसरे. भाऊ.

माझ्या भावास मी आमच्या घरातली घडीची खाट देत आहे. आला की तो तिच्यावरच झोपतो आणि पाठ धरली म्हणतो. आता तक्रारीसकट ती त्याची.

घर त्याला का दिले नाही, ते सांगते. तो वाईट नाही. तो छापखान्यात मुद्रिते तपासायचा. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका शोधून समासात दुरुस्त करणे हा त्याचा धंदा, आणि निवृत्त झाला तरी हात थांबत नाही. धाकटीने त्याला विचारले, "आई कुठंय?"

तो म्हणाला, "आई गेली. कधीच गेली. तुला माहितीये."

धाकटी खाली जमिनीवर बसली आणि आत्ताच निरोप आल्यासारखी रडली. चहाच्या वेळेपर्यंत विसरली, आणि परत विचारले, "आई अजून कशी आली नाही?" त्याने परत सांगितले. परत तेच रडणे. एका दिवसात माझ्या बहिणीची आई किती वेळा गेली, ते मी मोजले नाही.

मी त्याला स्वयंपाकघरात ओढले. "अरे, बाजारात गेलीये म्हणून सांग ना."

"खोटं कसं सांगू, ताई?"

"तोंडानं सांग!"

"तिला खरं काय ते कळायला नको का?"

"कळून काय करायचंय तिनं? कुठं छापायचंय का?"

तो रुसला. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, पण धाकटीला खरे सांगणे सोडले नाही.

माझे ऑपरेशन झाले तेव्हा त्याने तिला म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या एका ठिकाणी ठेवले. मला न विचारता, पण चांगल्या मनाने, हे मी कबूल करते. जागा स्वच्छ होती. पलंग तिथल्या मुली भल्या पहाटे आवरून टाकत, तेही झटपट आणि छान. धाकटीला करायला काही उरत नसे. मग ती बाकीच्यांच्या अंगाखालच्या चादरी ओढायला लागली. त्या लोकांनी तिला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवून ठेवले. मी दवाखान्यातून थेट तिथे गेले. ती खुर्चीत बसली होती, आणि मांडीवर तिचे दोन्ही हात चालले होते. नसलेल्या चादरीचे काठ जुळवत होती, घडी घालत होती, बाजूला ठेवत होती, आणि नवी घेत होती. भाऊ मला म्हणाला, "बघ, किती शांत झालीये."

त्याच दिवशी मी तिला घरी आणले, आणि घर त्याच्या नावावर करायचे नाही हे रिक्षातच ठरवले. भावा, तू हे वाचशील तेव्हा तुला राग येईल. येऊ दे. या घरात तू केव्हाही ये, जेव, खाटेवर झोप. फक्त धाकटीने आई कुठे आहे विचारले तर बाजारात गेली आहे. आणि ताई कुठे आहे विचारले, तर तीही तिच्याबरोबर गेली आहे. हे शेवटचे तर तुझ्या हिशेबानेसुद्धा फारसे चुकणार नाही.

भाचीलाच का दिले, तेही याच कलमात लिहिते. त्या रडण्याच्या दिवशी ती इथे होती. बापाशी वाद घालत बसली नाही. उठून पुढच्या खोलीत गेली आणि नीट आवरलेला पलंग पार उपसून टाकला. उशी एकीकडे, चादर एकीकडे, पांघरूण जमिनीवर. मग येऊन म्हणाली, "छोटी आत्या, अगं बघ ना, कुणीतरी पलंगाची काय दशा केलीये."

धाकटी डोळे पुसून उठली. "मेल्यांना काही रीत आहे का!" म्हणाली आणि कामाला लागली. मला जे सुचायला वर्ष लागले असते, ते त्या पोरीला तिथल्या तिथे सुचले. शिवाय विस्कटण्यात तिचा हात धरणारे आमच्या खानदानात कोणी नाही.

कलम चौथे. रोजचे काम.

धाकटी सकाळी पहिल्या खोलीपासून पलंग आवरायला घेते. ती दुसऱ्या खोलीत गेली की मी पहिलीत शिरते आणि तो विस्कटते. ती चौथा संपवून येते तो पहिला तयार असतो. असे जेवायच्या वेळेपर्यंत चालते. ज्या बाईने जन्मभर सुरकुती सहन केली नाही, ती आता चोरासारखी चादरी चुरगाळत हिंडते. भाचीने माझ्यामागे हेच करावे. विस्कटताना खरे विस्कटावे, दोन ठिकाणी ओढून सोडू नये, धाकटीला कळते.

धाकटी मला ओळखत नाही. मी कामाला ठेवलेली कोणी नवी बाई आहे असे तिला वाटते. परवा मी उशी उचलायला गेले तर तिने हात धरला.

"तुम्ही नवीन का?"

"हो," मी म्हटले.

"मग नीट बघून घ्या. रुंद काठ उशाशी. उलटं घातलं तर ताई परत काढायला लावते."

"फार कडक आहे का तुमची ताई?"

"कडक? अहो, सुरकुती दिसली की तिचं डोकंच फिरतं! हे असं कोण करून ठेवतं रोज, कळत नाही. तिनं बघितलं तर खैर नाही."

"नाही सांगत हो मी तिला."

ती जरा वेळ कोपरा खोचत राहिली. मग म्हणाली, "पण माझं पांघरूण सरकलं की तीच नीट करते. मी झोपलेय असं वाटतं तिला."

मी खिडकीकडे तोंड केले आणि अभ्रा झटकत राहिले. झटकून झालेलाच होता.

दिवसातून एकदा मात्र ती मला ओळखते. तारेवरच्या चादरी काढल्या की आम्ही अंगणात घडी घालतो. ती तिचे टोक धरते, मी माझे. काठ जुळतात, ताण बसतो, आणि मग तो हिसका. मी पुढे धडपडते आणि ती हसते, "ताई, पडशील!" म्हणजे त्या घटकेला मी तिची ताई असते. चादर घडी होऊन तिच्या हातात गेली की परत नवी बाई. तेवढ्या घटकेसाठी मी सबंध दिवस काढते. कधी कधी वाळलेली चादर मी परत भिजवते.

आता लिहायला जड जाते ते लिहिते. माझ्यामागे दुसरे टोक भाचीने धरावे. तिने ते आजवर कधी धरलेले नाही, कारण मी धरू दिलेले नाही. ती दोनदा पुढे झाली होती. मी म्हटले, तुला काठ जुळवता यायचे नाहीत. तिला खरेच येत नाहीत. पण खरी भीती दोन प्रकारची आहे. एक, की धाकटी तिला ताई म्हणणार नाही, आणि मग दिवसातली तीही एक घटका जाईल. दुसरी भीती मी कोणाला सांगितलेली नाही आणि इथेही लिहीत नाही.

वकीलसाहेबांनी विचारले, "ओळखीची हमी मृत्युपत्रात कशी देणार, बाई?"

मी म्हटले, "तेच मलाही कळत नाहीये."

कलम पाचवे. आईची चादर.

कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर जुन्या साडीत गुंडाळलेली एक चादर आहे. तिच्या रुंद काठावर आईने स्वतःच्या हाताने वेल काढला आहे. दोघींतली जी आधी लग्न करील तिची, असे ठरले होते. माझे ठरता ठरता राहिले, कारण धाकटी लहान होती. धाकटीला मागणी आली तेव्हा तिने नाही म्हटले. ताईला एकटीला चादरींच्या घड्या घालता येणार नाहीत, असे त्या माणसाला तोंडावर सांगितले. तो बिचारा थट्टा समजून हसला. मलाही बरीच वर्षे ती थट्टाच वाटत होती.

त्या चादरीची घडी अजून मोडलेली नाही. मी जाईन त्या दिवशी ती काढावी आणि धाकटीच्या पलंगावर घालावी. घालायची तिनेच. घडी मोडायला काहीतरी निमित्त लागते, तर हे पुरे.

कलम सहावे. किरकोळ.

लोखंडी जड इस्त्री कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला द्यावी. त्याने वर्षानुवर्षे माझ्या अभ्र्यांना मधोमध घडी पाडली, हजार वेळा सांगूनही. इस्त्री हातात घेताना तरी त्याला आठवेल. माझी कात्री शेजारच्या शिंप्यांना द्यायची होती, पण ते साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही देऊ नये असे वकीलसाहेबांचे म्हणणे पडले. तेव्हा शिंप्यांचे तोंडभर आभार, आणि कात्री भाचीला. शिंप्यांनी मागून न्यावी, आणि परत करायला विसरावी.

बँकेत जे आहे ते धाकटीच्या औषधपाण्याला. कुठे आणि किती ते वकीलसाहेबांना माहीत आहे. माझे कपडे वाटून टाकावेत. निळी शाल मात्र दारामागच्या खुंटीवर राहू द्यावी. धाकटी जाता-येता तिला हात लावते.

कलम सातवे. मी गेल्यावर.

मला न्यायचे ते पुढच्या दाराने, आणि धाकटी त्या वेळी मागच्या अंगणात असावी. तिला काही सांगू नये. तिच्यासमोर रडायचे असेल त्याने गल्लीत जाऊन रडावे. माझ्या पलंगावरची चादर लगेच काढू नये. सकाळी तीच काढील, झटकील, आणि माझा पलंग आवरील. त्यात मी नाही हे तिला कळणार नाही, आणि कळले तर तेवढ्यापुरतेच कळो.

पुरवणी. सही करण्यापूर्वी.

वरचे सर्व गेल्या आठवड्यात लिहून झाले होते. आज सहीसाठी सगळे मागच्या खोलीत जमले आहेत. डॉक्टर, शिंपी, वकीलसाहेब आणि भाची. भावाला बोलावले होते. तो आला आहे, आणि खाटेवर बसून आहे. आठवड्यात माझ्या हातांतली ताकद गेली. पेन धरवते, चादर धरवत नाही. दोन दिवस घडी घातली गेली नाही. धाकटी तारेपाशी जायची, उभी राहायची आणि परत यायची.

मी सहीला पेन उचलले तेवढ्यात ती अंगणातून आत आली. हातात तारेवरची चादर. दोन टोके धरून ती दारात उभी राहिली आणि सगळ्यांकडे बघू लागली. माझ्याकडेही तिने बघितले. मी उठायला गेले आणि मला उठता आले नाही.

भाची उठली. तिने माझ्याकडे बघितले. मी मान हलवली. तिने समोरची टोके उचलली. काठ जुळवताना तिचे दोनदा चुकले. धाकटीनेच सांगितले, "अशी नाही गं, रुंद काठ वर."

ताण बसला. मी खुर्चीचा हात घट्ट धरला. धाकटीने हिसका दिला. भाची पार पुढे धडपडली आणि पलंगावर आपटता आपटता वाचली.

"ताई, पडशील!" धाकटी म्हणाली, आणि अशी हसली की डॉक्टरसुद्धा हसले.

मी ओ द्यायला तोंड उघडले होते. पण धाकटी माझ्याकडे बघत नव्हती.

"ओ," भाची म्हणाली.

मग दोघी चालत एकमेकींकडे आल्या. धाकटीने आपले काठ तिच्या हातात दिले आणि वाकून खालची मोड उचलली. भाऊ खाटेवरून उठला. त्याने तोंड उघडलेले मी बघितले. मला वाटले, आता हा दुरुस्त करणार. त्याने तोंड मिटले आणि बाहेर गल्लीत गेला.

म्हणजे मी मागत होते ते मला मिळाले. माझ्यावाचून तिचे चालेल. चौथ्या कलमात जी दुसरी भीती मी लिहिली नव्हती, ती हीच होती. लिहिताना मला रडू येत आहे, आणि अक्षर हलले आहे ते त्यामुळे. त्याला कोणी आजाराचे नाव देऊन मृत्युपत्राला हरकत घेऊ नये.

तेव्हा वरील मालमत्तेत एक बाब वाढवावी. 'ताई' ही हाक. ती मी आजपासून, माझ्या मरणाची वाट न पाहता, भाचीला देत आहे. धाकटीने मारली की तिने ओ द्यावी.

हे वाचून दाखवल्यावर वकीलसाहेबांनी कायद्याचे नाव न काढता सहीची जागा दाखवली.

लिहून ठेवणार:
सही: धाकटीची थोरली बहीण

साक्षीदार:
सही: डॉक्टर (बटणे आज बरोबर आहेत)
सही: शेजारचे शिंपी

ठिकाण: मागची खोली, खिडकीजवळची खुर्ची
दिनांक: वकीलसाहेबांनी समासात घातला आहे. वार शनिवार. सगळ्या चादरी बदलून झाल्या आहेत.